डावं कुणाचं, उजवं कुणाचं?

नमस्कार मंडळी, आज जरा स्टेजवरची भाषा बघूया. नवीन पोरगं तालमीला येतं, दिग्दर्शक ओरडतो ‘डाऊन लेफ्टला ये’ आणि ते नेमकं उलटीकडे जातं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तर स्टेजवर डावं-उजवं नटाचं धरायचं, प्रेक्षकांचं नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिलं की तुमच्या डाव्या हाताला स्टेज लेफ्ट, विषय संपला. अपस्टेज म्हणजे मागे आणि डाऊनस्टेज म्हणजे प्रेक्षकांजवळ, कारण युरोपात पूर्वी स्टेज मागून पुढे उतरतं बांधायचे, आता बहुतेक ठिकाणी सपाट असतं पण शब्द तसेच राहिले. त्यातूनच एक खोडी निघाली, बोलता बोलता एखादा नट हळूच मागे सरकतो, मग समोरच्याला त्याच्याशी बोलायला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, ह्याला अपस्टेज करणं म्हणतात आणि मुद्दाम करणारे महाभाग असतात बरं का!

विंगा म्हणजे दोन्ही बाजूंचे आडोसे, एन्ट्री-एक्झिट तिथूनच. विंगेतून तुम्हाला प्रेक्षक दिसला तर त्यालाही तुम्ही दिसताय, एवढं लक्षात ठेवा. ब्लॉकिंग म्हणजे कुठल्या वाक्याला कोण कुठे जाणार ते ठरवणं, प्रॉपर्टी म्हणजे नट हाताळतात त्या वस्तू.

क्यूची, म्हणजे लाइट वगैरे नेमकं कधी बदलायचं त्या इशाऱ्याची, मात्र खरी गंमत आहे. स्टेज मॅनेजर हेडसेटवर आधी ‘स्टँडबाय’ म्हणतो, सगळे तयार राहतात, मग ‘गो’ म्हटलं की लाइटवाला बटण दाबतो, विचार वगैरे करत नाही. म्हणून मुरलेला मॅनेजर प्रयोग चालू असताना हा शब्द उगाच तोंडातून काढतच नाही, नाहीतर कुणाला सहज काहीतरी सांगायला जायचा आणि ऐन प्रसंगात ब्लॅकआउट! खऱ्या ब्लॅकआउटमध्ये सामान कुठे ठेवायचं हे कळावं म्हणून जमिनीवर टेपच्या खुणा असतात, त्याला स्पाइक म्हणतात.

शेवटचा शब्द सेफ्टी कर्टन, म्हणजे स्टेजवर आग लागली तर ती प्रेक्षकांकडे येऊ नये म्हणून खाली सोडायचा पडदा. 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये तो मध्येच अडकला, दरवाजेही धड उघडेनात, 600 हून जास्त माणसं गेली. तेव्हा त्या पडद्याच्या रेषेवर ठेवलेल्या खुर्चीवरून कुणी खेकसलं तर आधी खुर्ची उचला, भांडण नंतर करा.