आधी खुर्च्या, मग झाडू

१९८० च्या दशकातलं बॉस्टन. रॉक्सबरी भागातल्या डडली स्ट्रीटचा परिसर. दोन घरं, मग मोकळा भूखंड, पुन्हा एक घर, पुन्हा भूखंड. असे हजाराहून जास्त भूखंड. त्यांवर जुने फ्रीज, गंजलेल्या गाड्या, राडारोडा, कुजलेलं मांससुद्धा. बरंचसं बाहेरच्यांनी आणून टाकलेलं.

पण मुळात भूखंड मोकळे पडले कसे?

वस्ती कृष्णवर्णीयांची, लॅटिनोंची, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरून आलेल्यांची, शिवाय काही गोऱ्यांची. बँका इथे कर्ज देईनात. घरांचे भाव कोसळले. काही मालकांना घर सांभाळण्यापेक्षा ते जाळून विमा उकळणं परवडू लागलं. घरं गेली, जागा उरल्या, मग कचऱ्याचे ट्रक आले. माती नासली ती अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी कर्ज आटलं होतं. सफाईच्या योजना मात्र सहसा ट्रकपासूनच सुरू होतात.

१९८४ मध्ये एका देणगीदार संस्थेनं वस्ती सावरण्यासाठी पुढाकार घेतला. हेतू चांगला, पण त्यासाठी काढायच्या संघटनेच्या नियोजित मंडळात रहिवाशांना मोजक्याच खुर्च्या. सभेत लोकांनी सरळ विचारलं, तुमच्यापैकी इथे राहतं कोण?

संस्थेनं ते ऐकून घेतलं, हे तिचं श्रेय. मंडळाची घडी नव्यानं बसली: रहिवाशांचं बहुमत, आणि चारही समाजांना सारख्या जागा, मग कुणाची लोकसंख्या कितीही असो. पुढच्या सगळ्या कामात मला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. कारण आता कामाचा क्रम लोक ठरवू लागले. पहिली मागणी होती साधी: आमच्या दारात कचरा टाकू नका. १९८६ ची मोहीम तीच. बेकायदा कचरा केंद्रांना टाळं लागलं.

खरी मेख पुढे होती. वस्ती स्वच्छ झाली की भाडी चढतात, आणि ज्यांनी ती स्वच्छ केली त्यांनाच बाहेर पडावं लागतं. डडलीकरांनी हे आधीच ओळखलं. १९८८ मध्ये त्यांच्या संघटनेला खासगी पडीक भूखंड सक्तीनं संपादन करण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेत वस्तीपातळीवरच्या संघटनेला तो पहिल्यांदाच मिळत होता. जमीन वस्तीच्या न्यासाकडे गेली. घर कुटुंबाच्या मालकीचं, खालची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. घर विकता येतं, पण वाटेल त्या भावाला नाही. पुढच्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबालाही ते परवडावं, म्हणून किमतीवरची ही मर्यादा भाडेपट्ट्यातच लिहिलेली असते.