गेटवरच्या नोंदी कुणाच्या?

नमस्कार श्रोतेहो.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या गेटवर सकाळी साडेसातला उभे राहा. कामाला येणाऱ्या मावशींची रांग लागलेली असते. एकेकजण यंत्रासमोर चेहरा धरते, पीं असा आवाज होतो आणि चौदाव्या मजल्यावरच्या मोबाइलवर निरोप जातो : मावशी आत आल्या. त्या कधी बाहेर पडल्या, आणखी कुणाकडे काम करतात, हेही कित्येक ॲपमध्ये दिसतं. याला त्यांची संमती होती का? चेहरा दिल्याशिवाय आतच सोडत नसतील, तर नाही कोण म्हणणार? आणि पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहऱ्याचं काय करायचं?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निकाल दिला. तो हक्क फ्लॅटमालकाचा आहे, तेवढाच मावशींचाही आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला; त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगायचं, आणि तेही मागितल्यास मराठीत, अशी तरतूद त्यात आहे. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण ॲपमधला इंग्रजी मजकूर मावशींनी वाचावा तरी कसा?

कॅमेऱ्यांचंही तेच. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, म्हणजे डीव्हीआर, बसवणारा कारागीर कारखान्यातून आलेलाच पासवर्ड ठेवून निघून जातो, पुढे कुणी बघत नाही. २०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असेच साठेक ठरावीक पासवर्ड टाकून जगभरातले लाखो कॅमेरे नि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्याच उपकरणांनी एकाच वेळी पाठवलेल्या विनंत्यांच्या माऱ्याने त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. मालकांना पत्ताही नव्हता.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. पाणी आणि पार्किंगवर आपण तास-तास भांडतो. यंदा दहा मिनिटं या विषयालाही द्या. सेक्रेटरींना विचारा, फुटेज किती दिवस ठेवता, पासवर्ड कुणाकडे आहे? एखाद्या मावशीने काम सोडलं, तर तिचा चेहरा यंत्रातून कोण पुसतं? उत्तर मिळालं नाही तर तसा ठराव मांडा, आणि ठरलेले नियम मराठीत लिहून गेटवर, त्या यंत्राशेजारीच लावा.