कचऱ्याचे 360 रुपये काऊन? ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक उघडून पाहू

(पावती कॅमेऱ्यासमोर धरून)

राम राम मंडळी. ही घरटॅक्सची पावती. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, आणि यंदा खाली नवी ओळ: कचरा संकलन, 360 रुपये. म्हणजे महिन्याला 30. गावात पारावर एकच सवाल, "सरकारनं घंटागाडी दिली ना, मग पैसे काऊन?"

सवाल रास्त आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत मिळतात. 2,000 वस्तीचं गाव धरा, झाले 1,20,000. त्यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. हा पैसा गाडी, शेड, खतखड्डे यांचा. एकदाच येतो. रोजचं डिझेल अन् मजुरी त्यात नाही.

आता हिशोब मांडू. समजा 400 घरं. सगळ्यांनी भरले तर महिन्याला 12,000. निम्म्यांनीच भरले तर 6,000. एवढ्यात गाडीवरचा माणूस अन् सकाळी नाली उपसणारी बाई, दोघांची मजुरी कशी निघेल? आधी त्या बाईचा पगार थकतो, मग गाडी उभी राहते, मग कचरा पुन्हा नालीत. म्हणून मी पैसे भरतो. तुम्हीही भरा, असंच म्हणीन.

पण भरणाऱ्यानं विचारलंही पाहिजे. अंदाजपत्रक म्हणजे वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज, पंचायतीच्या दप्तरातला नमुना 1. त्यात कचऱ्याची जमा वेगळी दाखवली आहे का? खर्च कशावर धरला? 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हेच विचारा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यात कमी असेल तो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. आपण घरी बसलो तरी ठराव होतो, मंडळी!

खर्च कमी करायचा उपाय तर आपल्याच भागातला. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेप काकांनी, विटांच्या जाळीदार टाक्याची खतपद्धत दिली. पालापाचोळा, शेण, माती थरावर थर, तीन-चार महिन्यांत खत. ओला कचरा घरच्या सांधवाडीत, म्हणजे परसातच जिरला तर गाडीला प्लास्टिक अन् काचच उरते. रोजच्या फेऱ्यांऐवजी आठवड्यात दोन पुरतात.

आमच्या पंचायतीकडं मी नमुना 1 ची नक्कल मागितली आहे. हाती आली की कचऱ्याची ओळ इथंच वाचून दाखवतो.