जुन्या पिअरवर फिरायला जाताय? आधी खाली बघा

तर मंडळी, आजचा विषय जुने पिअर, म्हणजे समुद्रात आतपर्यंत खांबांवर उभे केलेले ते फिरायचे धक्के. इंग्लंडमधला राइडचा पिअर 1814 चा आहे, साउथएन्डचा तर 2 किलोमीटरहून लांब आहे. लोक तिथे जातात ते वरचं बघायला, दिवे, दुकानं, फोटो वगैरे. मी म्हणतो जमलं तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून त्याचं खालचं अंग बघा, लांबूनच हं, खाली घुसायचं नाही, गंजलेलं काहीही डोक्यावर पडू शकतं.

कारण पिअरचं खरं वय खालीच कळतं. टेरेडो म्हणून शिंपल्याच्या जातीचा एक जीव असतो, तो लाकडी खांब आतून पोखरत जातो आणि बाहेरून खांब अगदी धडधाकट दिसतो. लोखंडाला सगळ्यात जास्त गंज कुठे धरतो, तर भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे पाणी सारखं उडत असतं, कारण तिथे मीठ, ओल आणि हवा तिन्ही भरपूर.

म्हणून जिथे बॅरिकेड लावलंय तिथे "दोन मिनिटं जाऊन एक फोटो काढून येतो" हे चालणार नाही. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा 1914 चा वार्फ, म्हणजे असाच खांबांवरचा लाकडी धक्का, घ्या, आधीच्या वादळांनी त्याच्या टोकाचं नुकसान झालेलं, तो भाग लोकांना बंद, दुरुस्ती चालू, आणि 23 डिसेंबर 2024 ला मोठ्या लाटांत ते टोकच तुटून गेलं. तिथे तेव्हा कामावरचे तिघं होते, तिघंही पाण्यात पडले, वाचले ते नशीब. म्हणजे ज्यांना ती जागा माहीत होती त्यांचीही ही गत!

आणि आभाळ स्वच्छ आहे म्हणून बेफिकीर राहू नका, शेकडो किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा छान ऊन पडलेलं असतानाही येऊन धडकतात. लाट खालून आपटली की फळ्या वर उचलल्या जातात, पाणी फटींतून कारंज्यासारखं उडतं. तसं दिसलं की सरळ किनाऱ्याकडे चालू लागा, व्हिडिओ नंतर. जळणारी सिगारेट तर त्या फटींत कधीच टाकू नका, ब्रायटनचा वेस्ट पिअर 2003 मध्ये आगीत उद्ध्वस्त झाला, आणि लाकडी पिअरवर बाहेर पडायची वाट बहुतेक वेळा एकच असते.

बाकी नेहमीचंच, शेवाळ, लहान मुलं, गळ टाकणाऱ्यांच्या मागून जाताना जरा सांभाळून.

पिअरवरून उडी मारणाऱ्यांना मात्र मी हात जोडतो. सकाळी खोल होतं तिथे ओहोटीला कमरेएवढं पाणी असतं, खाली जुने तुटके खांब असतात, आणि पिअरच्या कडेने किनाऱ्याकडून समुद्रात ओढणारा पाण्याचा प्रवाह असतो ते वेगळंच. पाणी थंडगार असेल तर पहिल्याच झटक्यात आपोआप जोरात श्वास आत ओढला जातो, नाकातोंडात पाणी जातं.

कुणी पडलंच तर तुम्ही मागे उडी टाकू नका, वाचवायला गेलेलाच बुडतो असं पुष्कळदा होतं. कठड्याला लाइफ रिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारं कडं, बहुधा लावलेली असते, ती कुठे आहे ते आत शिरतानाच बघून ठेवायचं आणि ती फेकायची. पडलेल्याला ओरडून सांगा, हातपाय मारू नकोस, पाठीवर तरंग, खांबांपासून लांब राहा, कारण खांबांवरचे कालवं-शिंपले अंग अक्षरशः सोलून काढतात. एकाने इमर्जन्सीला फोन लावायचा, आणि दुसऱ्याने त्या माणसावरची नजर हलवायची नाही, बोट त्याच्याकडेच दाखवत उभं राहायचं, लाटांमध्ये नुसतं डोकं पुन्हा शोधणं फार अवघड असतं.