गुडेग आपण अर्धंच खातो

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. विषय आहे इंडोनेशियातल्या जावा बेटाचं जेवण इतकं गोड का. तुमच्यातले बरेच जण बोरोबुदूर, प्रंबानन बघून आलेत आणि सगळ्यांची तक्रार एकच, देवळं अप्रतिम पण जेवणात गूळ. त्यावर येतोच, पण आधी मला जावातल्याच योग्यकर्ता शहरातल्या हॉटेलातला नाश्ता सांगू दे.

पहिल्या दिवशी मी बुफेत गेलो. एका भांड्यात गुडेग, म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन् तास शिजवलेला. मी तेवढंच घेतलं, दोन घास खाल्ले आणि ठेवून दिलं, फणसाचा शिराच लागला हो! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर एक मावशी मातीची मडकी मांडून बसलेल्या. मी परत फणसाकडेच बोट दाखवलं तर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच पान लावलं, केळीच्या पानावर भात, त्यावर फणस, तपकिरी झालेलं अंडं, वरून आरेह म्हणजे आटवलेलं नारळाचं घट्ट दूध, आणि शेवटी लालभडक तिखट क्रेचेक. हे क्रेचेक गाईम्हशीच्या कातड्याचं असतं बरं का, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच 'तान्पा क्रेचेक' म्हणावं, तान्पा म्हणजे शिवाय, आणि तिखट सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, मागून घ्यावं.

आणि तो रंग! सागाच्या पानांचा. कोकणातल्यांना सांगायला नको, लहानपणी सागाचं कोवळं पान चोळून हात लाल केलेत आपण, तीच पानं तिथे फणसाच्या हंड्यात पडतात.

माझा राग एवढाच की त्याच हॉटेलात रात्रीच्या मेन्यूत गुडेगचं नाव नाही, पास्ता आणि बर्गर. अहो क्रातोनजवळच्या, म्हणजे सुलतानाच्या राजवाड्याजवळच्या विजिलान गल्लीत दुकानंच्या दुकानं गुडेगची, आणि पाहुण्याला पास्ता? मला खरंच वाईट वाटलं. तिथे उतरलात तर सकाळचा नाश्ता चुकवू नका, आणि कुन्यित आसाम दिसलं तर प्या, हळद-चिंचेचं, जामूतला प्रकार, जामू म्हणजे तिथली पारंपरिक औषधी पेयं, आणि जामूची परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलीये.

पाचच मिनिटं राहिली म्हणतायत, तर मुद्दा पटकन. लोक म्हणतात डचांनी १८३० पासून शेतकऱ्यांना जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ असल्या निर्यातीच्या पिकांना द्यायला लावला, म्हणून जावा गोड झालं. ती सक्ती झाली, भयंकर झाली, पण गुडेगमध्ये उसाची साखर नाही, माडाचा गूळ पडतो, म्हणून मला ते कारण पुरत नाही. दुसरं, गूळ घालून आटवलेलं टिकतं, कोरडं गुडेग तर लोक प्रवासात गावी घेऊन जातात. तिसरं आणि माझ्या मते खरं, ती गोडी एकटी खायची नसतेच, क्रेचेकचं तिखट आणि आरेहचा स्निग्धपणा एका घासात आला की जीभ गोड म्हणतच नाही. बुफेत भांडी वेगवेगळी मांडतात, आपण एकच चमचा घेतो आणि सगळ्या जावाला गोड ठरवून परत येतो.

सोलो शहराचं नासी लिवेत राहिलंच, ते नारळाच्या दुधातल्या भाताचं. कुणाला ऐकायचं असेल तर चहाच्या टेबलापाशी या.