दिवसभर काम करतोच की, मग व्यायाम कायले?

श्रोतेहो, नमस्कार.

परतवाड्याजवळच्या एका खेड्यात मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. लग्नसराई लागली की रात्री उशिरापर्यंत मशीन सुरूच असते. आणि पहाटे पाचला, गुरुदेव सेवा मंडळाच्या भोंग्यावर सामुदायिक ध्यान सुरू व्हायच्या सुमारास, मी आणि माझ्या मैत्रिणी फाट्याच्या रस्त्याने पळायला निघतो. पळायला म्हणजे काय, दोघी-तिघी पळतात, बाकीच्या भराभर चालतात आणि आमच्या आशाताई मधेच एखाद्या दारात थांबून "उद्या लस आहे, लेकरू घेऊन या" असं सांगून येतात.

पूर्वी पहाटेच्या अंधारात बाई हातात टमरेल घेऊन रस्त्यानं जाताना दिसली, तर कोणी काही विचारत नसे. आता पायात बूट घालून दिसली की विचारतात. "काहून वं, पोलीस भरतीले निंगाली काय?" हा त्यातला साधा प्रश्न. त्यावर हसून पुढं जाता येतं. दुसरा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही विचारला, शेजारणीनंही विचारला आणि तो काही येडपट नाही. "दिवसभर कामच तर करून रायली ना बाई, मंग वरून व्यायाम कायले?"

आज मला या दुसऱ्या प्रश्नावरच बोलायचं आहे.

माझंच काम घ्या. मशीनवर बसलं की मान खाली, खांदे पुढं, पाठीचा पोक, आणि एकच पाय पायटा दाबतोय. आता मोटर बसवली, तर तेवढी पायाची हालचालही गेली. संध्याकाळी मी दमते, यात वाद नाही. पण दमली ती मान आणि कंबर. मांड्यांना, पोटाला, दंडाला त्या दिवसात काहीच काम पडलं नाही. कापूस वेचणारीचं बघा. कमरेला ओटी बांधलेली, बोंडं कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली, म्हणजे दिवसभर अर्धवट वाकलेलं अंग. ओटी जशी भरते तसा ताण वाढतो, आणि मजुरी किलोवर, त्यामुळं सरळ उभं राहायची सवड कोणी घेत नाही. संत्र्याच्या तोडीवर क्रेट उचलणारे पोट्टे पाहा, सगळे एकाच बाजूला वळून उचलतात, कारण गाडी त्याच बाजूला उभी असते.

काम अंगाला राबवतं ते कामाच्या सोयीनं. किती वजन, किती वेळ, कधी थांबायचं, हे मुकादम ठरवतो, नाहीतर आभाळ ठरवतं. व्यायामात ते माझं मी ठरवते. आज कंबर दुखते आहे तर आज वाकायचं नाही, उलट पाठ मागं ताणायची. कामानं जो भाग आखडला तो मोकळा करायचा आणि जो नुसता बसून राहिला त्याला जरा कामाला लावायचं. माझ्या पुरता हिशेब एवढाच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भराभर चालणं त्यात आलं. पण त्याच शिफारशीत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा असंही आहे, आणि ते वाक्य आपल्याकडं बायकांपर्यंत पोचतच नाही.

आता हेही सांगते, की मी हे सगळ्यांना लावत नाही. जी बाई उन्हात आठ तास निंदण करून आली, घरी येऊन चूल पेटवली, तिला मी "ये, उठाबशा काढू" म्हणाले तर तिनं मला खुरपं फेकून मारावं. तिला आधी झोप हवी, पोटभर जेवण हवं आणि रक्त तपासायला हवं. आमच्यातल्या मजुरीला जाणाऱ्या जणी काम नसलेल्या दिवशीच येतात आणि आल्या की चटईवर पाठ टेकून पाय भिंतीला लावून पडतात. त्यांच्यासाठी तोच व्यायाम. कोणी काही म्हणत नाही.

रक्ताचं निघालं म्हणून सांगते. आमच्यात बारावी झालेली एक मुलगी आहे, पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५, असे ५० गुण असतात. १०० मीटरमध्ये पोट्टी वाऱ्यासारखी सुटायची, पण ८०० मीटरला दुसऱ्या फेरीत धाप लागून खालीच बसायची. कोणी म्हणे सराव कमी, कोणी म्हणे भीती. आशाताईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. बाईमाणसाला ते किमान १२ लागतं. पायात ताकद होती, पण रक्तातून प्राणवायूच पुरा पोचत नव्हता, तर दुसरी फेरी काढणार कशी? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं. म्हणजे आमच्या रांगेत दोघी उभ्या असतील तर एकीचं कमी, असंच धरून चालायचं.

लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. पण आपल्याकडं गोळी घेतली की वरून चहा. चहानं ते लोह अंगी लागत नाही. गोळीवर लिंबूपाणी घ्या, संत्रं खा, आमच्या भागात तर त्याचा दुष्काळ नाही. चहा तासा-दोन तासांनी. ती मुलगी आता ८०० मीटर न थांबता काढते. वेळ अजून कमी व्हायला हवी, पण बसत तरी नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, इथं मला थोडं जास्त बोलू द्या. बायका व्यायामाला का येत नाहीत याची मोठमोठी कारणं लोक सांगतात. आमच्या गावात निम्मं कारण कपडा होता. साडीवर पळता येत नाही. सलवारीवर पळता येतं, पण उठाबशा काढताना आसनात फाटते. बाजारातल्या ट्रॅकपँटी पुरुषांच्या मापाच्या, कंबर मोठी आणि मांडीत घट्ट. मुलींच्या म्हणून मिळतात त्या अंगाला चिकटलेल्या, त्या घालून गावातल्या रस्त्यानं जायची चाळिशीच्या बाईची तयारी नसते. बरं, खिसा नाही. मोबाईल, घराची किल्ली, कुत्र्यासाठी बिस्किटाचा पुडा, ठेवायचं कुठं?

मग मी होजिअरीचं कापड आणलं. साध्या मशीनवर होजिअरी शिवणं म्हणजे डोक्याला ताप. कापड ताणतं आणि शिलाई ताणत नाही, म्हणून पहिल्याच उठाबशीला टाका तुटतो. त्याला बोथट टोकाची सुई लागते, दोरा ढिला ठेवावा लागतो आणि शिवताना कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून धरावं लागतं. झिगझॅगची मशीन असेल तर उत्तमच. आसनात मी चौकोनी मियानी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, टाकली, जुन्या सलवारीला टाकायचे तशीच, पण जरा मोठी. मियानीमुळं खाली बसताना ताण एका शिवणीवर न येता चारीकडं वाटला जातो. वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, दोन्ही बाजूंना उंच कट, आणि पँटच्या उजव्या बाजूला चेन असलेला खोल खिसा. पहिली पँट मी आशाताईंना दिली. त्यांनी दुकानातच, गिऱ्हाईक बसलेलं असताना, पाच उठाबशा काढून दाखवल्या. त्या आठवड्यात मला ब्लाऊजपेक्षा पँटच्या ऑर्डरी जास्त आल्या. नवऱ्यांनीही शिवून नेल्या, खिशासाठी.

वजनं आम्ही घरीच केली. तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅन, मधून जीआयचा पाइप, आणि एकीचा नवरा गवंडी आहे त्यानं उरलेलं काँक्रीट भरून दिलं. आठवडाभर त्यावर ओलं पोतं टाकून पाणी मारलं. काँक्रीट लिटरमागं सव्वादोन-अडीच किलो भरतं, म्हणजे कॅन बारा किलोच्या आसपास. मोजायला कापसाचा काटा होताच. दोन्हींत पाव किलोचा फरक निघाला, एकीत गिट्टी जास्त पडली होती. ती जड कॅन कोणी कोणत्या हातात घ्यायची यावरून अजून भांडणं होतात. काहीजणी पाठीवर फवारणीचा पंप पाण्यानं भरून चढ-उतार करतात, तोही चांगला व्यायाम आहे. मात्र पंप कोरा नवाच पाहिजे. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी अंगाला लावू नका.

खाण्याचं थोडक्यात सांगते. शेजारच्या गावातला एक पोऱ्या प्रथिनांच्या पावडरचा डबा शहरातून आणतो, किंमत ऐकून मला एका पैठणीची आठवण झाली. त्याच्याच बापाच्या वावरात सोयाबीन उभं असतं. सोयाबीनच्या कोरड्या वड्या ३० ग्रॅम घेतल्या तर सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात सुमारे ६. फुटाणे, शेंगदाणे, तुरीचं घट्ट वरण, भाकरीसोबत जवसाची चटणी. घरच्या सोयाबीनचे दाणे खाणार असाल तर भिजवून नीट शिजवा, कच्चे पचत नाहीत. आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की आमचं पळणं सूर्य उगवायच्या आत संपतं. ताक, पन्हं, मीठ-साखरेचं पाणी. चक्कर, मळमळ, बडबड सुरू झाली तर सावलीत न्या, अंगावर ओलं कापड टाका आणि दवाखाना गाठा.

पण श्रोतेहो, नुसता व्यायाम असता तर आम्ही केव्हाच कंटाळलो असतो. रविवारी शाळेच्या मैदानावर लंगडी होते. पन्नाशीच्या बाया एका पायावर, पदर खोचून, आणि आउट झाल्यावर ते मान्य न करणं शाळेत होतं तसंच. गेल्या पावसाळ्यात एसटीनं घाट चढून चिखलदऱ्याला गेलो, तिथून पायी गाविलगडावर. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला घेतला, हे शाळेत वाचलं होतं, पण दरवाज्यामागून दरवाजा पाहिल्यावर कळलं की घेणाऱ्याला तो किती जड गेला असेल. धुकं एवढं की पुढच्या बाईची ओढणी धरून चालत होतो. वर सगळ्यांनी डबे उघडले, तर आठ जणींकडं आलूची भाजी. गुरुवारी रात्री भजन असतं, मी खंजेरी वाजवते. काँक्रीटच्या कॅन उचलायला लागल्यापासून माझा हात शेवटच्या भजनापर्यंत टिकतो. आमच्या बुवांना वाटतं भक्ती वाढली.

व्यायामाची हवा या भागाला नवी नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, आणि १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथली मंडळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. आमच्या गावातही मारुतीच्या देवळामागं आखाडा होता. बाईनं मात्र त्या मातीत पाय ठेवायचा नाही असा रिवाज. आता आखाड्यात कोणी उतरत नाही, तिथं कडब्याच्या पेंड्या रचलेल्या असतात. जागा मागितली तर "देवाची जागा आहे" म्हणतात. कडबा कोणत्या देवाचा, हे मी विचारलं नाही, मला गावात शिवणकाम करायचं आहे.

म्हणून आम्ही शाळेच्या मैदानावरच आहोत. तिथं दोन अडचणी आहेत. हिवाळ्यात सहा-साडेसहापर्यंत अंधार असतो आणि गेटजवळचा खांब केव्हाचा बंद आहे. दुसरं, शाळेचं स्वच्छतागृह सकाळी कुलपात असतं. ग्रामसभेच्या आधी गावात महिला सभा घ्यावी लागते, तसा नियमच आहे, आणि तिथला ठराव ग्रामसभेपुढं जातो. आतापर्यंत त्या सभेच्या सह्या घरोघरी फिरून घेतल्या जायच्या. या वेळी आम्ही ग्रामसेवकांना सांगून ठेवलं आहे की सभा प्रत्यक्ष घ्या, आम्ही सगळ्या येतो. विषय लिहून दिला आहे: मैदानावर दोन दिवे आणि स्वच्छतागृहाची एक किल्ली आशाताईंकडं. सरपंचबाई म्हणाल्या, दिव्याचं जमेल, बिलाचं पाहावं लागेल. त्यांच्या पँटचं माप मी परवाच घेतलं आहे.

नमस्कार.