काच फुटते तेव्हा गाडी बघत असते

(दृश्य: उभ्या गाडीच्या बाजूच्या कॅमेऱ्यातलं चित्रण. दिवस. उताराचा रस्ता.)

या चित्रणात आवाज नाही, कारण ही टेस्ला आहे आणि तिचे पहाऱ्याचे कॅमेरे आवाज टिपतच नाहीत. मागून एक गाडी येते आणि शेजारी, रस्त्याच्या मधोमध थांबते. मागचं दार उघडून एक जण उतरतो. तोंडावर मास्क, डोक्यावर हूड. हाताची ओंजळ करून तो काचेतून आत डोकावतो. मग हात जेमतेम काचेला लागल्यासारखा वाटतो, आणि अख्खी काच खाली ओघळते. कमरेपर्यंत आत, परत बाहेर, खांद्याला बॅग. गाडी गेलीसुद्धा.

शहर सॅन फ्रान्सिस्को. वेळ भरदुपारची. फुटपाथवरून माणसं चालत होती.

(दृश्य: अलामो स्क्वेअरची रंगीत घरं, समोर पार्क केलेल्या गाड्यांची रांग.)

२०१७ साली या शहरात गाड्या फोडून चोरी झाल्याच्या ३१ हजारांहून अधिक तक्रारी पोलिसांकडे नोंदल्या गेल्या. रोजच्या पंचाऐंशी. शहर केवढं, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मैल. वस्ती नऊ लाखांच्या आत. आणि हा झाला नोंदींचा आकडा. काच बदलून आणली, पोलिसांकडे गेलोच नाही, असं सांगणारी माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. पकडले जाण्याचं प्रमाण शंभर प्रकरणांमागे दोनपेक्षाही कमी होतं, तेव्हा त्यांना दोष तरी काय द्यायचा?

या धंद्याला इथल्या बोलीत 'बिपिंग' म्हणतात. त्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या नेमक्या पर्यटकांच्या यादीतल्या आहेत. फिशरमन्स वॉर्फ, पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स, लोंबार्ड स्ट्रीटचा वळणावळणाचा टप्पा, ट्विन पीक्स. कारण सोपं आहे. हॉटेल सकाळी अकराला सोडायचं असतं आणि विमान रात्रीचं असतं. मधल्या वेळात सगळं सामान डिकीत. "जाता जाता गोल्डन गेट पुन्हा एकदा बघून घेऊ," असं कुणीतरी म्हणतं.

पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेल्या कितीतरी आईबाबांची सॅन फ्रान्सिस्कोची सहल याच वाटेनं जाते. म्हणून बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या, मराठी घरांत गाडीतून उतरताना सूचना ठरलेली असते: "आई, पर्ससुद्धा सीटवर ठेवू नको हं." पर्समध्ये पैसे किती होते हा प्रश्न नसतो, पासपोर्ट असतो. तो गेला की आर्गेलो बुलेव्हार्डवरचं भारतीय वाणिज्य दूतावास पाहणं हेही प्रेक्षणीय स्थळांत जमा होतं.

(दृश्य: रस्त्याकडेला सांडलेल्या काचेच्या बारीक, चौकोनी कण्या. जवळून.)

आता त्या काचेकडे या. आवाज न होता, दगड-हातोडा न वापरता ती फुटते कशी? स्पार्क प्लगमध्ये चिनी मातीसारखा पांढरा, कठीण सिरॅमिकचा भाग असतो. त्याचा नखाएवढा तुकडा पुरतो. दारांच्या काचा बहुधा तापवून एकदम थंड केलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला थर ताणाखाली असतो. काचेहून कठीण अशा टोकानं वरचा थर भेदला की आतला ताण एकदम सुटतो आणि सगळी काच एका क्षणात कण्या होऊन कोसळते. अपघातात माणूस चिरला जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. चोरांना ती आयती मिळाली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घरफोडीच्या हत्यारांच्या यादीत पहार, स्क्रूड्रायव्हर यांच्याबरोबर स्पार्क प्लगचे तुकडेही नावानिशी आहेत.

(दृश्य: टेस्लाच्या पडद्यावर लाल वर्तुळ.)

फेब्रुवारी २०१९ मध्ये टेस्लानं आपल्या गाड्यांना 'सेंट्री मोड' दिला. म्हणजे पहारा. गाडी चालवायला मदत व्हावी म्हणून जे कॅमेरे आधीच बसवलेले होते, त्यांनाच गाडी उभी असताना राखणीला बसवलं. बे एरियातले टेस्लामालक याची वाटच बघत होते. त्यांच्या गाड्यांची मागची छोटी काच फोडायची, हात घालून मागच्या सीटची पाठ खाली पाडायची आणि डिकीत काही आहे का ते बघायचं, अशी चोरांची रीत पडून गेली होती. डिकी रिकामी निघाली तरी काचेचा भुर्दंड मालकालाच. विमा असला तरी पहिले काही शे डॉलर स्वतःच भरायचे असतात, आणि छोट्या काचेचं बिल बहुधा तेवढ्यातच बसतं.

कुणी फार जवळ आलं की पडद्यावर सूचना झळकते: कॅमेरे चालू आहेत. काच फुटली तर भोंगा वाजतो, मालकाच्या फोनवर निरोप जातो आणि गाडीतलं संगीत पूर्ण आवाजात सुरू होतं. चोरी होताना बाखची ऑर्गनवरची रचना वाजेल, असं इलॉन मस्कनी जाहीर केलं होतं. चोरांच्या संगीतशिक्षणाची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या उद्योगपतीनं घेतल्याचं आठवत नाही.

घटनेच्या आधीची काही मिनिटंसुद्धा पेन ड्राइव्हवर साठून राहतात. ही फार मोठी गोष्ट होती. तोवर मालकाला दिसायची ती फक्त फुटलेली काच. आता कोण आला, कुठल्या गाडीतून आला, हे सगळं घरी सोफ्यावर बसून पाहता येऊ लागलं.

आणि पाहून पुढे काय?

चेहऱ्यावर मास्क. नंबरप्लेट दिसली तरी ती बऱ्याचदा दुसऱ्याच गाडीची, चोरलेली. पेन ड्राइव्ह सुरुवातीला दोन सीटच्या मधल्या कप्प्यात असायचा, तेव्हा चोरानं साक्षीदारच खिशात घालून नेल्याचेही प्रकार झाले. पुढे नव्या गाड्यांत तो पिननं बंद होणाऱ्या पुढच्या कप्प्यात गेला. शिवाय रात्रंदिवस पहारा ठेवायचा तर बॅटरी झिजते. ती २० टक्क्यांच्या खाली गेली की पहारेकरी आपोआप झोपतो.

मग मालकांनी तेच केलं जे त्यांच्या हातात होतं. चित्रणं इंटरनेटवर टाकली. ती लाखो लोकांनी पाहिली, शेरे मारले, पुढे पाठवली. या शहराची जी बदनामी झाली तिच्यात या व्हिडिओंचा वाटा मोठा आहे.

(दृश्य: न्यायालयाच्या इमारतीच्या पायऱ्या.)

पण खरी अडचण कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर, कायद्याच्या एका ओळीत होती. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं ४५९ वं कलम सांगतं की गाडीत शिरून चोरी करणं ही घरफोडीच्या तोलाची चोरी ठरते, पण कधी? गाडीची दारं कुलूपबंद असतील तर. म्हणजे सरकारी वकिलानं आधी सिद्ध करायचं की दारं लॉक होती. आरोपी काच फोडताना चित्रणात स्वच्छ दिसतोय, तरीही. दारं लॉक होती हे सांगणार कोण? गाडी घेतलेला माणूस. आणि तो तर भाड्याची गाडी परत करून केव्हाच ओहायोला किंवा ठाण्याला पोचलेला. फुटक्या काचेच्या खटल्यात साक्ष द्यायला एवढा प्रवास करून कोण येणार?

दार लॉक नसतं तर काच फोडली कशाला असती, हे कुणाही शहाण्या माणसाला कळतं. कायद्याला कळायला वेळ लागला. राज्याच्या सिनेटमधले इथले प्रतिनिधी स्कॉट वीनर २०१८ पासून ही पळवाट बुजवण्यासाठी विधेयकं आणत होते आणि ती अडत होती. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सही केली. चोरीच्या इराद्यानं गाडी फोडून आत शिरणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. लॉकची साक्ष लागत नाही.

(दृश्य: पोलिसांचा ड्रोन. खाली पार्किंगची जागा.)

तोवर शहरात चोऱ्या घटू लागल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलिसांनी आमिषाच्या गाड्या उभ्या करायची घोषणा केली: आत बॅगा, आसपास साध्या वेशातले पोलीस. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी कौल देऊन पोलिसांना ड्रोन वापरायला आणि पाठलागाला जास्त मोकळीक दिली. रस्त्यांवर नंबरप्लेट वाचणारे शेकडो कॅमेरे लागले. २०२४ च्या तक्रारी आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली आल्या. यातल्या कशाचा किती वाटा, हे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण एक गोष्ट दिसते. या थोड्या टोळ्या होत्या, एका दिवसात डझनांनी गाड्या फोडणाऱ्या. त्यांतले काही जण आत गेले की आकडा झपकन उतरतो. कॅमेरे लाखो गाड्यांवर होते, धरपकड मात्र माणसांनीच करावी लागली.

(दृश्य: फुटपाथ. कॅमेऱ्यासमोरून जाणारी माणसं, चेहरे धूसर केलेले.)

मधल्या काळात या कॅमेऱ्यांनी चोरांपेक्षा कितीतरी जास्त टिपले ते साधे लोक. नेदरलँड्समधल्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं याची चौकशी केली. त्यानंतर टेस्लानं पहाऱ्याची पद्धत बदलली, असं प्राधिकरणानं २०२३ मध्ये जाहीर केलं. मालकानं चालू केल्याशिवाय आता कॅमेरा काही साठवत नाही आणि चित्रण सुरू झालं की दिवे लुकलुकतात, म्हणजे जाणाऱ्याला कळतं. प्राधिकरणानं आणखी एक स्पष्ट केलं: या चित्रणाची कायदेशीर जबाबदारी कंपनीची नाही, गाडीच्या मालकाची.

अमेरिकेत प्रकरण उलट्या दिशेनं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ऑकलंड आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या पोलिसांनी खुनांच्या तपासात एक नवी वाट धरली. घटनास्थळाजवळ टेस्ला उभी दिसली की तिच्यातलं चित्रण मिळवायचं. मालक सापडला तर त्याच्याकडे मागायचं, नाही सापडला तर न्यायाधीशाकडून वॉरंट घेऊन टो ट्रक बोलवायचा आणि गाडीच पुरावा म्हणून उचलून न्यायची. मालकाचा गुन्ह्याशी काही संबंध असावाच लागतो असं नाही. गाडी त्या वेळी तिथे पार्क केलेली होती, एवढं पुरतं.